पैनगंगेपलीकडची बंदूक

हैदराबादहून नागपूरकडे निघालेली गाडी निर्मल सोडते, महबूब घाट चढते आणि सागवानाच्या जंगलातून नेरडीगोंड्याला येऊन पोहोचते. आदिलाबाद जिल्ह्यातलं हे मंडलाचं गाव राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वसलं आहे. कुंतालाचा धबधबा पाहायला जाणारे इथे वळतात. बाकीचे रोलमामड्याच्या टोलनाक्यावर पैसे भरून पुढे निघतात. इच्चोडा, गुडीहतनूर, आदिलाबाद अशी गावं मागे पडतात आणि पैनगंगेचा पूल येतो. पूल ओलांडला की महाराष्ट्र सुरू होतो. पिंपळखुटीचा तपासणी नाका, पाटणबोरी, केळापूर आणि मग पांढरकवडा. या पट्ट्यात तेलुगू, गोंडी, लंबाडी आणि मराठी एकाच बाजारात ऐकू येतात, आणि सोयरिकी नदीच्या दोन्ही काठांवर जुळतात. लग्नाच्या वऱ्हाडाला पूल ओलांडताना कुणाला काही विचारावं लागत नाही.

त्या वऱ्हाडातल्या एखाद्या काकांच्या गाडीत परवान्याची बारा बोअरची बंदूक असेल, तर मात्र पुलाच्या मध्यावर त्यांची कायदेशीर स्थिती बदललेली असू शकते. बंदूक तीच, माणूस तोच, परवानाही खिशात. पण परवान्यावर एक रकाना असतो, तो कोणत्या क्षेत्रात वैध आहे हे सांगणारा. तिथे ‘तेलंगणा राज्य’ एवढंच लिहिलं असेल, तर पिंपळखुटीच्या पोलिसासमोर काका परवान्याची अट मोडलेले आरोपी आहेत.

हा रकाना आला कुठून, याची गोष्ट दीडशे वर्षं मागे जाते.

१८५७ च्या उठावाने हादरलेल्या इंग्रजांनी आधी १८६० मध्ये आणि मग १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या काळात, शस्त्रांचा कायदा केला. १८६० हेच साल निर्मलच्या आठवणीत दुसऱ्या कारणाने आहे. गोंड आणि रोहिल्यांना घेऊन लढलेल्या रामजी गोंडाला त्याच वर्षी तिथे फाशी दिलं गेलं. १८७८ च्या कायद्यात हिंदुस्थानी माणसाला बंदुकीसाठी परवाना आणि युरोपियनांना मोकळीक, असा उघड भेद होता. परक्या मुलखातून समुद्रावाटे असो की जमिनीवरून, ब्रिटिश हद्दीत हत्यार आणणं ही त्या कायद्याच्या लेखी आयात होती. पैनगंगेचा काठ या बाबतीत मोठा मजेशीर. दक्षिणेला निजामाचं राज्य. उत्तरेला वऱ्हाड, जो कागदोपत्री निजामाचाच होता. पण १८५३ पासून कारभार इंग्रजांकडे गेलेला आणि १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्याने त्यांच्या ताब्यात पक्का झालेला. एकाच मालकाच्या नावावरच्या मुलखात नदीच्या अलीकडे एक हुकूम, पलीकडे दुसरा.

या सीमेचा खरा कस १९४७-४८ मध्ये लागला. हिंदुस्थान स्वतंत्र झाला आणि निजाम बाहेर राहिला. २९ नोव्हेंबर १९४७ ला जैसे थे करार झाला, पण निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचे अत्याचार थांबले नाहीत. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते सीमेपलीकडे आले आणि त्यांनी तिथून सशस्त्र कृती सुरू केली. यवतमाळ जिल्ह्यातलं उमरखेड हे त्यातलं एक केंद्र होतं. नदी ओलांडून निजामी ठाण्यांवर आणि नाक्यांवर जाणाऱ्या तरुणांच्या हातातली हत्यारं कुणाच्या परवान्यावर होती, हा प्रश्न त्या काळात कुणी विचारला नाही. विचारणारा हास्यास्पद ठरला असता. दुसऱ्या बाजूला निजामाने तर हत्यारं आकाशातून आणली. सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाची विमानं १९४८ च्या उन्हाळ्यापासून रात्री कराचीहून उडत आणि बिदर-वरंगळला शस्त्रं उतरवत. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, पाच दिवसांत संस्थान संपलं. कॉटनला पुढे लंडनच्या न्यायालयात दंड झाला. दंडाची रक्कम होती २०० पौंड. एका राज्याला हत्यारं पुरवण्याची एवढी स्वस्त शिक्षा क्वचितच कुणाला झाली असेल.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्लीत संविधान सभेत एक वेगळीच चर्चा झाली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून आलेले हरी विष्णू कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा, अशी दुरुस्ती मांडली. मागणी आकाशातून पडलेली नव्हती. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून का होईना, हाच हक्क लिहून ठेवला होता. पण फाळणीच्या कत्तली आणि हैदराबाद नुकतंच पाहून आलेल्या सभेला ती आता नको होती. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि दुरुस्ती पडली. संविधानात राहिलं ते शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य. शस्त्रं, दारूगोळा आणि स्फोटकं हा विषय केंद्राच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेला.

म्हणजे कायदा साऱ्या देशाला एकच. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला आणि आदिलाबाद असो की यवतमाळ, दोन्हीकडे तोच आहे. परवाना मात्र दिल्ली देत नाही. साध्या, म्हणजे प्रतिबंधित नसलेल्या बोअरचा परवाना जिल्हादंडाधिकारी देतो, हैदराबादसारख्या शहरात पोलीस आयुक्त देतो, आणि तो सहसा आपल्या राज्यापुरताच देतो. मार्च २०१० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने जे धोरण ठरवलं, त्यानुसार राज्य सरकारला परवान्याचं क्षेत्र वाढवून फार तर तीन शेजारी राज्यं जोडता येतात. देशभर वैधता हवी तर केंद्राची संमती लागते आणि ती खासदार, लष्करी व सनदी अधिकारी अशा ठरावीक वर्गांनाच सहज मिळते. तेलंगणाला चार राज्यं शेजारी आहेत, महाराष्ट्राला सहा. त्यामुळे नेरडीगोंड्याच्या माणसाने मर्यादेपर्यंत अर्ज केला तरी एक शेजारी सोडावाच लागतो.

राज्यांच्या सीमाही स्वस्थ बसलेल्या नाहीत. आज नांदेड जिल्ह्यात असलेला किनवट तालुका १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, चंद्रपूरचं राजुराही तसंच. जिवती तालुक्यातल्या चौदा गावांवर तर आजही दोन्ही राज्यं दावा सांगतात आणि तिथले लोक दोन्हीकडच्या मतदार याद्यांत सापडतात. अशा गावात बंदुकीचा परवाना कुणाकडे मागायचा, हा प्रश्न परीक्षेत घालण्यासारखा आहे.

हे सगळं वकिलांच्या कपाटात पडून राहिलं असतं. पण २०१८ मध्ये याच महामार्गाच्या परिसरात एक बंदूक अशी चालली, की तिचा आवाज दिल्लीपर्यंत गेला.

पांढरकवडा आणि राळेगाव परिसरात जून २०१६ पासून माणसं मरत होती. कुणी कापसाच्या शेतात, कुणी गुरांमागे. बोट दाखवलं गेलं एका वाघिणीकडे. वन विभागाच्या दप्तरात तिचं नाव टी-१, वन्यजीवप्रेमींनी दिलेलं नाव अवनी. ऑगस्ट २०१८ पर्यंत १३ बळी तिच्या नावावर लावले गेले. ते सगळे तिचेच होते का, यावर शेवटपर्यंत वाद राहिला. ऑगस्टच्या एकाच महिन्यात तीन माणसं गेली आणि गावांत शेतावर जायला कुणी धजेना. कापूस वेचणीचा हंगाम तोंडावर, आणि वेचायला बाया येत नाहीत. शहरातल्या मोर्च्यांत वाघिणीसाठी मेणबत्त्या पेटत होत्या, तेव्हा बोराटी आणि सराटीच्या लोकांचं दिवस मावळायच्या आत घरी पोहोचण्याचं गणित चालू होतं. दोन्ही बाजूंना एकमेकांचं काही ऐकू येत नव्हतं.

४ सप्टेंबरला प्रधान मुख्य वनसंरक्षकांनी, म्हणजे ए. के. मिश्रांनी, आदेश काढला. आधी बेशुद्ध करून पकडा, नाहीच जमलं तर आणखी जीवितहानी टाळण्यासाठी गोळी घाला. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ ने हा अधिकार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाला, म्हणजे मिश्रांच्याच पदाला, दिला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आदेशात हस्तक्षेप केला नाही आणि ११ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानेही नाही.

मग सुरू झाली ती मोहीम वन विभागाच्या इतिहासातल्या सर्वांत खर्चिक आणि विचित्र मोहिमांपैकी एक असावी. शंभरावर कॅमेरा ट्रॅप, ड्रोन, पॅराग्लायडर. मध्य प्रदेशातून हत्ती आले. छावणीतला एक हत्ती सुटला आणि त्याने एका बाईचा जीव घेतला, मग हत्ती परत गेले. गोल्फपटू ज्योती रंधावा आपले शिकारी कुत्रे घेऊन आले. कॅल्विन क्लाइनच्या ‘ऑब्सेशन’ अत्तराचा वास मांजरवर्गी प्राण्यांना खेचतो म्हणून तेही जंगलात शिंपडून झालं. आणि हैदराबादहून आले नवाब शफात अली खान.

शफात अली हे देशभर बोलावले जाणारे शिकारी. २०१६ च्या जूनमध्ये बिहारच्या मोकामा भागात नीलगायी मारण्यासाठी त्यांना नेलं होतं. दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या गेल्या आणि त्यावरून मनेका गांधी व प्रकाश जावडेकर हे केंद्रातले दोन मंत्रीच जाहीरपणे भांडले. २०१७ मध्ये झारखंडच्या साहिबगंजमध्ये पिसाळलेला हत्ती त्यांनीच मारला. राज्याराज्यांत बंदूक घेऊन हिंडण्याचा असा पेशा असलेली माणसं देशात हाताच्या बोटांवर मोजता येतील. पांढरकवड्यात त्यांच्या नावाला विरोध झाला, त्यांना परत पाठवलं गेलं आणि मग पुन्हा बोलावलं गेलं. तेव्हाचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार या निर्णयामागे उभे राहिले.

२ नोव्हेंबर २०१८, शुक्रवार. राळेगावच्या आठवडी बाजाराचा दिवस. बाजारहून परतणाऱ्या लोकांना वाघीण रस्त्याच्या आसपास दिसल्याची खबर आली. शफात अली त्या दिवशी तिथे नव्हते. त्यांचा मुलगा असगर अली खान वन कर्मचाऱ्यांसह उघड्या जीपमधून निघाला. रात्री अकराच्या सुमारास बोराटीजवळ वाघीण समोर आली. मुखबिर शेख या वन कर्मचाऱ्याने बेशुद्धीचा डार्ट मारला. त्यानंतर वाघीण जीपवर झेपावली, असं पथकाचं म्हणणं. असगर अलीने आठ-दहा मीटरवरून गोळी झाडली आणि वाघीण पडली. गावांत त्या रात्री फटाके वाजले, पेढे वाटले गेले. दिल्लीत मनेका गांधींनी याला खून म्हटलं.

पुढचे कित्येक आठवडे वाद एकाच प्रश्नाभोवती फिरला. वाघिणीला मारायला हवं होतं का? तिच्या दहा महिन्यांच्या दोन बछड्यांचं काय? वर्तमानपत्रांनी पानं भरली, टीव्हीवाल्यांनी रात्री. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने मात्र एक पथक पाठवलं. निवृत्त वनाधिकारी ओ. पी. कालेर, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाचे जोस लुईस आणि प्राधिकरणाचे हेमंत कामडी असे तिघे त्यात होते. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांचा अहवाल आला. वाघीण झेपावत असल्याचं दिसत नाही, गोळी लागली तेव्हा तिचं तोंड पथकापासून वळलेलं होतं, असं त्यात म्हटलं होतं. बेशुद्धीचं औषध तयार करून ५६ तास झाले होते, ते २४ तासांच्या आत वापरायला हवं होतं. ते पशुवैद्यकाविना वापरलं म्हणून भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याचा भंग झाला. आणि आणखी एक मुद्दा होता, ज्याकडे त्या गदारोळात फारसं कुणी पाहिलं नाही. असगर अलीने ती बंदूक वापरणं हा शस्त्र कायद्याच्या कलम ३(१) चा प्रथमदर्शनी भंग आहे.

या मुद्द्यावर जरा थांबायला हवं, कारण सामान्य परवानाधारकाच्या उपयोगाचं या अहवालात काही असेल तर ते इथेच आहे.

कलम ३ सांगतं की परवान्याशिवाय कुणीही बंदूक मिळवू, बाळगू किंवा नेऊ शकत नाही. परवाना त्या विशिष्ट हत्याराचा आणि त्या विशिष्ट माणसाचा असतो. त्याला एकच छोटी खिडकी ठेवली आहे. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस ती बंदूक नेऊ शकतो. पण कशासाठी? दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी, किंवा खुद्द परवानाधारकाच्या वापरासाठी. बाप गावाला गेलाय म्हणून मुलाने ती चालवावी, याला या खिडकीत जागा नाही. परवान्यावरच दुसऱ्याचं नाव रखवालदार म्हणून नोंदलेलं असेल तर गोष्ट वेगळी. सरकारी नोकराला कर्तव्यावर असताना कलम ४५ ची सूट आहे, म्हणून वनरक्षकाच्या हातातल्या सरकारी रायफलीला परवाना लागत नाही. सरकारने बोलावून आणलेल्या खाजगी शिकाऱ्याला मात्र ती सूट आपोआप मिळत नाही.

शफात अलींनी हे सगळे आक्षेप ठामपणे फेटाळले. मुलगा पथकाचाच भाग होता, त्याने स्वतःच्या आणि जीपमधल्यांच्या बचावासाठी गोळी झाडली, हे त्यांचं म्हणणं कायम राहिलं. बचावासाठी वन्यप्राणी मारणं हा वन्यजीव कायद्यात गुन्हा नाही, हेही खरं. पण एका कायद्यातून सुटका झाली म्हणून दुसऱ्यातून होत नाही. वाघीण मारणं कायदेशीर ठरलं, तरी ती कुणाच्या बंदुकीने, कुणी मारली हा प्रश्न स्वतंत्रपणे उभा राहतोच. राज्य सरकारला खरी चूक टाळायची होती, तर सप्टेंबरातल्या आदेशासोबत एक साधा कागद जोडायला हवा होता. कोणता नेमबाज, कोणत्या क्रमांकाच्या हत्याराने, कुणाच्या हजेरीत. तेवढ्याने वाद संपला नसता, पण त्यातला अर्धा तरी कमी झाला असता.

हत्यार सोबत घेऊन परराज्यात जाणं किती काळ छळू शकतं, याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण मुंबईतलंच. १९९८ च्या ऑक्टोबरात जोधपूरजवळ चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी गेलेल्या सलमान खानवर काळवीट शिकारीचे गुन्हे दाखल झाले. त्याच्याबरोबर शस्त्र कायद्याचा एक वेगळा खटलाही उभा राहिला. एक रायफल आणि एक रिव्हॉल्व्हर, दोन्ही मुंबईच्या परवान्यावरची, आणि परवान्याची मुदत सप्टेंबरातच संपलेली, असा अभियोग पक्षाचा आरोप होता. कलम ३ सोबत २५ आणि २७. खटला १८ वर्षं चालला आणि १८ जानेवारी २०१७ ला जोधपूरच्या न्यायालयाने सलमानची पुराव्याअभावी निर्दोष सुटका केली. तारखांना विमानाने ये-जा करणं आणि मोठे वकील उभे करणं ज्याला परवडलं, त्याची ही कथा. नेरडीगोंड्याच्या कापूस उत्पादकाला यवतमाळच्या कोर्टात १८ वर्षं चकरा मारायच्या असत्या तर?

अमेरिकेत बंदुकीचा हक्क संविधानात आहे, तरी राज्यांच्या सीमा तिथेही माणसाला अडकवतात. ऑक्टोबर २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक स्त्री, दोन मुलांची एकटी आई, पेन्सिल्व्हेनियाचा परवाना आणि पिस्तूल घेऊन न्यू जर्सीत शिरली. रस्त्यात गाडी अडवली गेली. माझ्याकडे परवाना आहे, असं तिने प्रामाणिकपणे पोलिसाला आपणहून सांगितलं. न्यू जर्सी पेन्सिल्व्हेनियाचा परवाना मानत नाही. तिला किमान साडेतीन वर्षांच्या कैदेची भीती होती. बराच गाजावाजा झाल्यावर एप्रिल २०१५ मध्ये राज्यपाल ख्रिस क्रिस्टी यांनी तिला माफी दिली. तिथल्या १९८६ च्या संघीय कायद्याने राज्यातून नुसतं पार होणाऱ्याला संरक्षण आहे. त्यासाठी बंदूक रिकामी हवी, चालवणाऱ्याच्या हाताशी नको आणि गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद हवी. न्यू जर्सीच्या एडिसन आणि जर्सी सिटीत वस्ती केलेल्या मराठी कुटुंबांतल्या ज्यांनी हौसेने बंदूक घेतली आहे, त्यांना हे ठाऊक असलेलं बरं.

आपल्याकडे असा सरसकट सुरक्षित रस्ता नाही. परराज्यातून बंदूक न्यायची तर सहसा आधी परवान्यात ते राज्य जोडून घ्यावं लागतं.

तसं न करणाऱ्याचं काय होतं, हे दोन पातळ्यांवर पाहायला हवं. परवाना चालू आहे, हत्यार आपलंच आहे, फक्त क्षेत्राची हद्द ओलांडली, तर ते सहसा अटभंग मानलं जातं. कलम ३० नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षा हलकी वाटते, पण हत्यार जप्त होतं आणि परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. मुदत संपलेली असेल, हत्यार दुसऱ्याच्या नावावर असेल किंवा परवानाच नसेल, तर प्रकरण कलम २५ मध्ये जातं. पूर्वी तिथे एक ते तीन वर्षं होती. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने ती दोन ते पाच वर्षं झाली. त्याच दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरवलं, आणि लग्न-वरातीत बेफिकिरीने हवेत गोळ्या झाडणं हा वेगळा गुन्हा केला. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुलापलीकडच्या वऱ्हाडासोबत निघालेल्या काकांनी हे कलम तरी वाचावं.

कलम २० तर वाचण्यासारखंच आहे. परवाना असो वा नसो, हत्यार संशयास्पद रीतीने नेत असलेल्या माणसाला दंडाधिकारी, पोलीस किंवा कुणीही सरकारी नोकर वॉरंटाशिवाय अटक करू शकतो. हाच अधिकार रेल्वे, विमान, जहाज, गाडी किंवा इतर कोणत्याही वाहनावर काम करणाऱ्यालाही आहे. कायद्याच्या शब्दांत पाहिलं तर आदिलाबादहून पांढरकवड्याला निघालेल्या एसटीच्या वाहकालासुद्धा.

शेतकऱ्यांचा प्रश्न वेगळाच. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी दिलेली बंदूक फक्त त्या शेतासाठी असते. ती घेऊन पलीकडच्या मामाच्या शेतावर रात्री बसणं हे परवान्याबाहेरचं. गडचिरोलीत घरोघरी सापडणारी ठासणीची भरमार बंदूकही कायद्याच्या लेखी बंदूकच, मग ती आजोबांच्या काळातली असो. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची संमती लागते. पांढरकवड्याजवळचं टिपेश्वर अभयारण्य आणि आदिलाबादकडचा कवाल व्याघ्र प्रकल्प, नदीच्या दोन्ही बाजूंना हा नियम लागू आहे. वाघ मात्र या दोन जंगलांमध्ये ये-जा करतात.

बेकायदा हत्यारांना तर सीमा सोयीचीच पडते. जळगाव जिल्ह्याला लागून मध्य प्रदेशात उमर्टी हे गावठी कट्टे बनवण्यासाठी कुप्रसिद्ध गाव आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये चोपड्याचे पोलीस तिथल्या हत्यार विक्रेत्याला पकडायला गेले, तेव्हा जमावाने त्यांच्यातल्या एका शिपायालाच ओढून सीमेपलीकडे नेलं. काही तासांनी त्याची सुटका झाली. खोट्या परवान्यांची गोष्टही तशीच. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ दरम्यान दिल्या गेलेल्या सुमारे २ लाख ७८ हजार परवान्यांची चौकशी सीबीआयकडे गेली. त्यातले कितीतरी बाहेरच्या राज्यांतल्या लोकांना खोट्या कागदांवर मिळाल्याचा आरोप होता. त्यामुळे परराज्यातला परवाना दाखवला की नाक्यावरचा पोलीस तो उलटसुलट करून पाहतो, आणि निवडणुकीची आचारसंहिता असेल तर जास्तच. त्या काळात बहुतेक परवानाधारकांना हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं.

अवनी प्रकरणाचा न्यायालयीन शेवट सुमारे सव्वादोन वर्षांनी झाला. मोहिमेतल्यांना बक्षीस आणि वाघिणीची चांदीची मूर्ती देऊन सर्वोच्च न्यायालयाचा अवमान झाला, अशी याचिका आली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने ती पुढे चालवली नाही. वाघिणीला मारण्याच्या आदेशात आपण हस्तक्षेप केला नव्हता आणि गावकऱ्यांच्या जल्लोषासाठी अधिकाऱ्यांना जबाबदार धरता येणार नाही, असा त्याचा सूर होता. बंदूक कुणाच्या नावावर होती, हा त्या सुनावणीचा विषयच नव्हता. तिच्या दोन बछड्यांपैकी मादी डिसेंबर २०१८ मध्ये पकडली गेली आणि पेंचमध्ये वाढवली गेली. मार्च २०२१ मध्ये तिला जंगलात सोडलं आणि काही दिवसांतच जखमी होऊन ती मेली.

ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे, त्यांनी पुढच्या प्रवासाआधी परवाना कपाटातून काढून तीन गोष्टी पाहाव्यात. मुदत कधी संपते, क्षेत्रात कोणती राज्यं लिहिली आहेत, आणि हत्याराचा क्रमांक कागदाशी जुळतो का. क्षेत्र वाढवून हवं असेल तर अर्ज जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांच्या कार्यालयात करावा लागतो, आणि हातात लेखी मंजुरी येईपर्यंत बंदूक घरीच ठेवावी.